चाड सरोवराचा तान्हा पोळा

बाबांनी चाड सरोवर खणलं ते माझ्या आमटीच्या डावानं.

२०२० चा मे महिना होता. मी वरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होते. सहज खिडकीतून खाली पाहिलं, तर मागच्या अंगणात बाबा सोफ्याची उशी टाकून बसले होते आणि डाव खुपसून हिरवळ उचकटत होते. माझी सात वर्षांची मुलगी निघालेली माती बादलीत भरत होती. घर भाड्याचं, हिरवळ घरमालकाची आणि डाव माझ्या लग्नातला. मी माइक बंद करून अशी ओरडले की पार शहरातल्या ग्रँड कॅनाल डॉकच्या आमच्या रिकाम्या ऑफिसातसुद्धा ऐकू गेलं असेल.

"ओरडून काऊन राहिली?" बाबा वर न बघताच म्हणाले. "भूगोलाचा तास चालू आहे."

बाबांचा जन्म उमरेडच्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेला. निवृत्त झाले, पण तास काही सुटला नाही. फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडमध्ये ल्यूकनला आले आणि पाठोपाठ विमानं बंद झाली. सत्तरीच्या पुढच्यांनी घरातच राहायचं असा इथला नियम निघाला. सरकार त्याला 'कोकूनिंग' म्हणे, म्हणजे कोषात जाऊन बसणं. बाबांना तो शब्द फार आवडला. चाड सरोवरात एक मासा आहे म्हणे, फुप्फुसानं श्वास घेणारा. पाणी आटलं की तो चिखलात बीळ करतो, अंगाभोवती चिकट कोष करून घेतो आणि पाऊस येईपर्यंत महिनोन्‌महिने पडून राहतो. "मी तोच," असं म्हणून बाबा दुपारी सोफ्यावर आडवे होत. आणि त्याच दमात विचारत, "विमानाचं काय झालं?"

सरोवर चाडच का, हा प्रश्न माझ्या नवऱ्यानं विचारला. तो पुण्याचा, कुठल्याही गोष्टीचं कारण मिळाल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

"जावईबापू," बाबा म्हणाले, "व्हिक्टोरिया घेतलं असतं, पण त्याले खोली लागते. माझे गुडघे आणि तुमच्या मालकाचं गवत, दोघांनाही झेपेल असं एकच मोठं सरोवर आहे. लांबरुंद बाप्पा, पण उथळ. कित्येक ठिकाणी माणूस उभा राहू शकतो."

नवऱ्याला कारण पटलं. माझं डोकं तापलेलंच होतं. पण मुलीकडे पाहिलं आणि गप्प बसले, कारण त्या दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच घराबाहेर येऊन खेळत होती.

आम्ही त्या वर्षीच्या सुरुवातीला डॉकजवळचा फ्लॅट सोडून ल्यूकनला आलो होतो. मोठं घर, समोर वसाहतीचं हिरवं मैदान, पोरांच्या सायकली, हे सगळं तिच्यासाठीच. ती नव्या शाळेत गेली, वर्गातल्या मुलांची नावं तोंडी बसायच्या आत शाळा बंद झाली. जुनी मैत्रीण शहरात राहिली, नवी कुणी झालीच नाही. पुढे नियम सैल झाले आणि मैदानावर पोरं जमायला लागली, तरी ही खिडकीच्या कट्ट्यावर हनुवटी टेकून बघत बसायची. "जा ना बाहेर," म्हटलं की "आयॅम ग्रँड" म्हणायची. इथे ग्रँड म्हणजे छान असं काही नाही. ग्रँड म्हणजे बरं आहे, विषय बंद करा. घराची बेल वाजली की ती धावत जायची आणि दर वेळी पार्सल असायचं. एका पोरीला या अख्ख्या वसाहतीत एक मैत्रीण मिळू नये याचं मला इतकं वाईट वाटे की मी त्या खिडकीचा पडदाच धुवायला काढून ठेवला, निदान बाहेरून तरी कुणाला ती दिसेल म्हणून.

तर भूगोलाचा तास. सरोवर आमच्या अंगणात चांगलं डायनिंग टेबलाएवढं झालं. उत्तरेचा भाग, दक्षिणेचा भाग, मध्ये गवताळ उंचवटा. दक्षिणेकडून शारी नदी, म्हणजे आमच्या नळाची हिरवी नळी. खरं सरोवर बहुतेक त्या एकाच नदीवर जगतं, असं बाबा सांगत. उत्तरेला वाळवंट, त्यासाठी मुलीच्या जुन्या खेळण्यातली वाळू. वाळूच्या टेकड्या पाण्यात बुडाल्या की त्यांचे माथे तेवढे वर राहतात, ती बेटं. बेटांच्या कडेला पपायरसचं रान म्हणून हिरव्या कांद्याची पात. ती पात मी थालीपिठासाठी आणली होती, पण आता घरात माझं कोण ऐकत होतं?

या सरोवराला बाहेर जायची वाट नाही. तरी पाणी गोडं, कारण खार जमिनीखालून झिरपून निघून जातो. हे बाबांनी मुलीला इतक्यांदा सांगितलं की ती झोपेतही म्हणाली असती. फक्त तिकडे पाऊस मोजून पडतो आणि इथे आयर्लंडमध्ये तो आठवडाच्या आठवडा मुक्कामाला येतो. जूनमध्ये सरोवर भरलं, फुगलं आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं. मी पोछा घेऊन उभी आणि बाबा छत्री घेऊन टाळ्या वाजवतायत. "बघ, बघ! असंच होते! एका वर्षी इथं गाव, पुढच्या वर्षी इथं पाणी, मग पुन्हा गाव. तिथले लोक सरोवराच्या मागे मागे शेत नेतात."

"बाबा, माझा फ्रिज कुठे नेऊ?" मी विचारलं.

प्राणी कणकेचे केले. पाणघोडे, हत्ती, मगरी, पाणकोळी आणि युरोपातून हिवाळा काढायला तिकडे जाणारी बदकं. मगर सुकायला ठेवली होती ती लाल छातीच्या एका टिचभर रॉबिननं येऊन खाल्ली. शेपटीपासून सुरुवात केली आणि बाबांच्या डोळ्यांदेखत जबड्यापर्यंत संपवली. मुलगी हसून हसून वाळवंटात पडली. त्या महिन्यात आम्ही सगळेच जरा चळलो होतो असं आता वाटतं. माझा नवरा ऑफिसच्या कॉलवर सांगायचा की एक मिनिट, खाली हत्ती भिजतोय. कुणी काही विचारतही नसे. प्रत्येकाच्या घरी काही ना काही भिजतच होतं.

आणि मग बाबांनी कुरी बैल दाखवला.

फोनवरचं चित्र बघून मला वाटलं कुणीतरी गंमत केली आहे. अंगानं आपल्यासारखाच बैल, पण शिंगं! बुडाशी मांडीएवढी जाड, फुगीर, वर निमुळती. ती आतून पोकळ आणि हलकी असतात. चाडच्या बेटांवरची माणसं या गुरांना एका बेटावरून दुसऱ्या बेटावर चरायला नेतात आणि ही गुरं पोहत जातात. शिंगांमुळे ती तरंगतात असंही म्हणतात. खरं खोटं बैलाला माहीत.

"आबा, दॅट्स मॅड," मुलगी म्हणाली. ती बाबांचं सगळं मराठी समजायची आणि उत्तर द्यायची ते ल्यूकनच्या इंग्रजीत. बाबांना त्याचं काही नव्हतं. तेही तिला मराठीतच उत्तर देत, आणि दोघांचं तासन्‌तास पटायचं.

कुंपणापलीकडच्या आमच्या शेजारणीलाही चित्र दाखवलं. ती बाबांच्याच वयाची, एकटी राहणारी, मूळची किलकेनीकडच्या शेतावरची. तीही कोषातच होती, म्हणून दोघं आपापल्या बाजूनं स्टूल लावून कुंपणावरून बोलत. बाबांचं इंग्रजी भूगोलाच्या पुस्तकातलं आणि तिचं खेड्यातलं, त्यामुळे निम्म्या गोष्टी हातांनी चालत. तिनं चष्मा लावून शिंगं बघितली, बराच वेळ बघितली आणि म्हणाली, माझ्या भावाला सांगितलं तर तो म्हणेल ही बाई आता प्यायला लागली.

जुलैच्या शेवटी बाबांना विमान मिळालं. लंडनहून जाणारं खास विमान, ऑगस्टमधलं. जिची रोज चौकशी केली ती गोष्ट हातात आल्यावर बाबा दिवसभर अंगणात सरोवराच्या काठी बसून होते. संध्याकाळी मी भांडी घासत होते तर मागे येऊन उभे राहिले.

"पोट्टीले एक तरी दोस्त पाहिजे," ते म्हणाले. "मी गेल्यावर ही त्या खिडकीत बसून राहीन. मले तिथं झोप लागणार नाही."

"मिळेल हो बाबा. शाळा सुरू झाली की मिळेल."

"शाळेचं मले सांगू नको, मी शाळेतच होतो. तान्हा पोळा कधी आहे?"

कॅलेंडरात बघितलं. विमानाच्या दोनच दिवस आधी होता.

नवऱ्याला तान्हा पोळा समजावून सांगावा लागला. पोळ्याच्या दिवशी खऱ्या बैलांना सजवतात, ते त्याला माहीत होतं. पण आमच्या नागपूरकडे दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो. पोरं आपापले लाकडी बैल रंगवून, झूल घालून, चाकांवर ओढत आणतात. तोरणाखाली बैलांची रांग लागते, झडत्या म्हणतात, म्हणजे जुळवलेली खोडकर कवनं, आणि मग पोरं घरोघर बैल घेऊन जातात आणि लोक त्यांना बोजारा देतात, खाऊ नाहीतर नाणी.

"एका बैलाचा पोळा होत नाही," बाबा म्हणाले. "रांग लागते. रांग लागली म्हणजे पोट्टे आले. पोट्टे आले म्हणजे दोस्त झाले."

इतका सरळ हिशेब मी कधी ऐकला नव्हता. मला आतून भीती वाटली. रांग नाही लागली तर? पण त्या दोघांचे चेहरे बघून बोलवेना.

बैल कुठला करायचा हे विचारायलाच नको. कुरी. लाकूड नव्हतं, पण घरून काम सुरू झाल्यापासून आलेल्या मॉनिटर आणि खुर्च्यांच्या खोक्यांतलं थर्माकोल जिन्याखाली छतापर्यंत भरलेलं होतं. बाबांनी भाजीच्या सुरीनं बैल कोरला. घरभर पांढरे दाणे उडाले; वरणात सापडले, माझ्या केसांत सापडले, नवऱ्यानं तर एकदा कॉलवर जांभई देताना एक गिळला. शिंगं धडापेक्षा मोठी झाली. त्यांना हिंगुळासारखा लाल रंग दिला. माझ्या साडीच्या काठाची झूल, माझ्याच पैंजणाचे घुंगरू, बाटल्यांच्या झाकणांची चाकं. ओढायला शेजारणीनं दोरी दिली, गवताचे गठ्ठे बांधायची निळी, भावाच्या शेतावरची. चांगली लांब. पोरांमध्ये अंतर राहायला हवं होतं, तेही आपोआप राहणार होतं. तोरणाला आंब्याची पानं कुठून आणणार? तिच्याच कुंपणाची लॉरेलची पानं ओवली.

आता निमंत्रण. दारोदार जायची सोय नव्हती. वसाहतीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात कचऱ्याचे डबे आणि हरवलेली मांजरं एवढेच विषय. नवरा एका मीटिंगमध्ये होता, बाबांनी त्याच्या खुर्चीशेजारी उभं राहून मजकूर सांगितला आणि त्यानं तो जसाच्या तसा इंग्रजीत लिहून पाठवला. उद्या पाच वाजता हिरवळीवर आमचा बैलांचा सण आहे. सगळ्या मुलांनी यावं. आपापला बैल आणावा. नसल्यास आमचा बैल बघायला यावं. मग त्यानं नेहमीसारखा ग्रुपचा आवाज बंद केला आणि विसरून गेला.

दोन दिवस पाऊस कोसळत होता. तान्ह्या पोळ्याला दुपारी थांबला. मैदानाचा मधला खोलगट भाग पाण्यानं भरला होता. आम्ही मैदानाच्या कडेच्या दोन झाडांना तोरण बांधलं. बाबांनी कोषातून बाहेर पडून नवा सदरा घातला होता आणि मुलीनं गमबूट आणि परकर पोलकं. ती दोरी घट्ट धरून तोरणाखाली उभी राहिली. पाच वाजले.

मैदानावर एक पोर नाही. सायकलसुद्धा नाही. रोज तिथं कल्ला असतो, आज चिटपाखरू नाही. आणि वर बघते तर प्रत्येक घराच्या प्रत्येक खिडकीत माणसं. आई, बाप, पोरं, एका घरात तर कुत्रासुद्धा. सगळे काचेला नाक लावून आमच्याकडे बघतायत आणि कुणी बाहेर येत नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी कसली माणसं ही! बघायला येतं, खाली यायला पाय नाहीत? मुलगी दोरी मुठीभोवती गुंडाळत होती. तिची हनुवटी हलायला लागली होती. बाबा तोरणाची पानं उगीच सारखी करत होते.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या घरातला एक दाढीवाला माणूस गाडीतून उतरला. उतरला म्हणजे एक पाय बाहेर काढला, दुसरा आतच ठेवला. आणि लांबूनच ओरडून विचारलं, बैल किती वाजता येणार?

"आलाय की!" मी इंग्रजीत ओरडले. "हा काय!"

त्यानं थर्माकोलकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा थर्माकोलकडे. मग गाडीच्या टपावर डोकं टेकवून तो असा हसायला लागला की मला वाटलं याला काही झालं.

नवऱ्यानं खिशातून फोन काढला आणि ग्रुप उघडला. मी त्याचा चेहरा पांढरा पडताना पाहिला, आणि मग लाल होताना. कालपासून तिथे धमाल चालली होती. बैल किती आहेत? बांधलेले असतील का? कुत्रे आत घ्यायचे का? मुलांना मात्र कुणी सोडू नका. आपला बैल आणावा म्हणजे काय, कुणाकडे बैल आहे का? एकीनं नगरपालिकेला विचारायचं का असं लिहिलं होतं आणि दुसऱ्यानं तिला धीर दिला होता की या लोकांना गुरांची सवय असते, सगळं ग्रँड होईल. अख्खी वसाहत पाच वाजल्यापासून खिडकीत उभी होती ती आम्ही एक जिवंत बैल मैदानावर सोडणार म्हणून.

नवरा भराभर खुलासा लिहायला लागला. मला हसू येत होतं आणि रडूही. पण बाबांना हसू आलं नाही. ते बाजूच्या बुटक्या भिंतीवर जाऊन बसले.

"चूक माझी झाली," ते मुलीला म्हणाले. "मीच तसं लिहायले सांगितलं. तुझा पोळा बिघडवला मी."

मुलीनं त्यांच्याकडे बघितलं. बाबांचा चेहरा इतका पडलेला तिनं कधी पाहिला नव्हता. मी पाहिला होता, आई गेली तेव्हा. मुलगी वळली, आणि बैलाला घेऊन मैदानाच्या मधोमध चालायला लागली.

"अगं, तिकडे पाणी आहे!" मी ओरडले.

"इट्स ग्रँड, मम्मी. ही कॅन स्विम."

आणि ती शिरली. गमबूट बुडाले, परकर भिजला. बैल काठावर जरा अडकला, मग घसरून पाण्यात गेला. एका अंगावर कलंडला. आता बुडतो असं वाटलं, पण ती अगडबंब शिंगं पाण्याला टेकली, तो डुलला, सावरला आणि सरळ झाला. घुंगरू वाजले. साडीच्या काठाची झूल पाण्यावर पसरली आणि कुरी बैल आमच्या ल्यूकनच्या मैदानावर पोहायला लागला.

बाबा भिंतीवरून ताडकन उठले. "तरंगला!" ते ओरडले. "शिंगांनी तरंगला!"

मग माझ्या त्या खिडकीतल्या मुलीनं, जी दुकानात साधं दूध मागायलाही मला पुढे करायची, छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या खिडक्यांकडे तोंड करून बाबांनी जुळवलेली झडती म्हटली. अर्ध्या उमरेडच्या आणि अर्ध्या ल्यूकनच्या उच्चारात, गळा फाडून:

"चाडाचं पाणी गुडघाभर,
कुरीचं शिंग डोकंभर,
आभाळ आलं ल्यूकनवर,
बोजारा द्या मूठभर!
हर बोला हर हर महादेव!"

"हर हर महादेव!" बाबा गरजले. नवराही गरजला. कुंपणापाशी उभ्या शेजारणीनंही काहीतरी गरजल्यासारखं केलं.

कुठलं तरी दार उघडलं. पिवळ्या गमबुटातली एक ठेंगणी मुलगी धावत आली. तिच्या हातात आंघोळीचं रबरी बदक होतं. ती पाण्याच्या काठाशी थांबली आणि तिनं विचारलं, हे चालेल का?

माझ्या मुलीनं बाबांकडे बघितलं. बाबांनी परीक्षकासारखं बदक निरखलं. "चालेल," ते म्हणाले. "हिवाळ्यात येते हे तिकडे. येऊ दे त्याले."

मग दारं धडाधड उघडली. प्लास्टिकचा पाणघोडा आला, तो अगदी अस्सल. दोन मगरी आल्या. हत्ती आला, त्याला पाण्यात लोटल्याबरोबर तो तळाला गेला, पण कडेला पाणी घोट्याएवढंच, त्यामुळे सोंड वर राहिली. दाढीवाल्याच्या पोरानं गुलाबी हवेचा फ्लेमिंगो आणला, तो त्याच्यापेक्षा मोठा होता आणि वाऱ्यानं त्यालाच ओढत नेत होता. एक डायनासोर आला. एक ट्रॅक्टर आला. शिंगवाला घोडा आला तेव्हा बाबा जरा अडखळले. "हा काही चाडचा नाही," ते मला म्हणाले, "पण शिंग आहे. घे रांगेत." निळी दोरी कापून कापून सगळ्यांना वाटली. पोरं लांब लांब दोऱ्या धरून गोल फिरायला लागली आणि प्राणी मध्ये एकमेकांवर आपटायला लागले.

बाबा विजार दुमडून पाण्यात उतरले आणि त्यांनी तास घेतला. हात पसरून इंग्रजीत सांगितलं, धिस साइड डेझर्ट, धिस साइड रिव्हर, नो आउटलेट, व्हेरी शॅलो, डोन्ट बी अफ्रेड. पोरांना वाटलं हा खेळाचाच नियम आहे, आणि ती सगळी 'नो आउटलेट, नो आउटलेट' ओरडत पळायला लागली. एक पोर पडलं, मग मुद्दाम सगळी पडली. नवरा फ्लेमिंगोच्या मागे मैदानभर धावला. मी काठावर उभी राहून इतकी हसले की मला खाली बसावं लागलं, चिखलात, ऑफिसच्या शर्टासकट.

बोजारा भिंतींवर आला. लोकांनी आपापल्या दारासमोरच्या कट्ट्यावर आइस पॉप, बिस्किटं, चिप्सच्या पुड्या ठेवल्या आणि मागे सरून उभे राहिले. पोरं प्राणी ओढत घरोघर गेली. कुणाला झडती येत नव्हती, पण शेवटचं 'महादेव' सगळ्यांना यायला लागलं होतं. मुलगी पुढे, पिवळे गमबूट तिच्या शेजारी. दोघींत निळ्या दोरीचं अंतर. शेजारणीनं बैलाच्या मानेवर थोपटलं आणि म्हणाली, आमच्या जत्रेत याला पहिलं बक्षीस मिळालं असतं, फक्त दूध देणार नाही एवढंच.

त्या रात्री वादळ झालं आणि पाऊस पुन्हा सुरू झाला. पुढचा सगळा दिवस पडत राहिला. कुणी बाहेर नाही. मुलगी परत खिडकीत. बाबा बॅग भरत होते, आणि भरता भरता माझ्याकडे बघत होते. मला कळत होतं त्यांना काय विचारायचंय. एका दिवसाची गंमत होती की काय, हेच. मलाही तेच वाटत होतं, म्हणून मी भराभर चिवडा बांधत राहिले. झोपताना मुलीनं कुरी बैल आणून बाबांना दिला. तू घेऊन जा, ती इंग्रजीत म्हणाली, तिकडे तुझ्यापाशी दुसरा नाही. तो बॅगेत मावेना, म्हणून बाबांनी पिशवीत घालून शिंगं वर काढून ठेवली. विमानात मांडीवर धरणार होते.

सकाळी ऊन पडलं. नवरा गाडी काढायला गेला. बाबांनी बूट घातले, मास्क लावला. मी देवाला दिवा लावला, त्यांच्या हातावर दही ठेवलं. मुलगी नमस्काराला वाकणार, तेवढ्यात बेल वाजली.

पार्सल असणार म्हणून मीच दार उघडलं. दारात कुणी नव्हतं. मग पाहिलं, नियमाप्रमाणे चार पावलं मागे सरून फाटकापाशी पिवळे गमबूट उभे होते, आणि त्यांच्या मागे दाढीवाल्याचा पोरगा, त्याच्या मागे आणखी दोघं. पिवळ्या गमबुटांनी माझ्या मुलीचं नाव घेतलं. ते नाव तिच्या तोंडात वेगळंच वाजलं. ती बाहेर येते का? सरोवर परत भरलंय, परवापेक्षा मोठं झालंय, आणि तो बैल हवाय.

मुलगी निघालीच. गमबूट उलटसुलट पायांत घातले, दारापर्यंत गेली, तशीच परत आली. बाबांच्या पिशवीतून शिंगांना धरून कुरी बैल ओढून काढला. "सॉरी आबा," म्हणाली, आणि गेली. नमस्कार राहिला. टाटा राहिला. दार उघडंच राहिलं.

मी रागानं तिच्या मागे धावले. आजोबा जातायत, पुन्हा कधी भेटतील याचा पत्ता नाही, आणि या पोरीला काही आहे का! उंबऱ्यावर उभी राहून मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि बाबांचा हात माझ्या खांद्यावर पडला.

रिकामी पिशवी त्यांच्या दुसऱ्या हातात होती. मास्कच्या वर डोळे भरून वाहत होते आणि मास्कच्या आत ते हसत होते, ते मला त्यांच्या गालांवरून कळलं. मैदानावरून घुंगरू ऐकू येत होते.

"हाक नको मारू," बाबा म्हणाले. "खेळून राहिली पोट्टी."